बिबट्याने शेळी मारली? भरपाईचा दावा असा करा

पहाटे गोठ्यात रक्त दिसतं आणि शेळी दोन वावरं पलीकडे उसाच्या कडेला सापडते. वास सुटायच्या आत पुरून टाकू, असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. दावा नेमका तिथंच बुडतो. वनखात्याचा माणूस पाहून जाईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. वर गोणपाट टाका, कुत्री हाकला, फोटो काढून ठेवा.

घटनेपासून ४८ तासांत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवावं लागतं. गार्डचा नंबर नसेल तर १९२६ हा खात्याचा टोल-फ्री क्रमांक फिरवा. नुसतं तोंडी सांगून थांबू नका, लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

पंचनाम्याला आलेला गार्ड नरडीवरची सुळ्यांची भोकं, फरफटत नेल्याच्या खुणा आणि ओल्या मातीतले ठसे बघतो. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या सहसा नाही. हा फरक महत्त्वाचा, कारण भटक्या कुत्र्यांनी फाडलेल्या शेळीला या योजनेत पैसे नाहीत. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस अशा वन्यप्राण्यांनी मारलेल्यालाच आहेत. म्हणून बघ्यांना लांब ठेवा आणि एखाद्या चांगल्या ठशावर घमेलं पालथं घाला.

अर्जासोबत आधार, पासबुकाची झेरॉक्स आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडायचा. कानातला बारा अंकी बिल्लाही हवा. १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराला भरपाई नाही, त्यामुळे हे काम आधीच उरकून ठेवलेलं बरं.

ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयानुसार शेळी-मेंढीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातली कमी रक्कम मिळते. गाय, म्हैस, बैलाला हीच मर्यादा ७०,००० आहे. म्हणजे १६,००० ची शेळी गेली तर हातात १२,०००. अर्ज करताना चालू दर कार्यालयात विचारून घ्या.

एक अट फारशी कुणाला माहीत नसते. घटनेनंतर सहा दिवसांत त्या जागेच्या १० किलोमीटर परिसरात वन्यप्राणी मेलेला नसावा. रागाच्या भरात कुणी मढ्यावर विष टाकू नये म्हणून ही अट आहे. दावा लिहून घेणाऱ्या गार्डवर त्या बिबट्याला वाचवायचीही जबाबदारी असते.

पिंजरा हवा असेल तर वेगळा अर्ज करा. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत आहे. त्याला पकडायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते, त्यामुळे गार्डशी हुज्जत घालून उपयोग नाही.