फरशीवरचा कवडसा आणि बोलोन्याचे बारा महिने

उत्तर इटलीत बोलोन्या नावाचं शहर आहे. तिथल्या मुख्य चौकात सान पेत्रोनिओ हे प्रचंड चर्च उभं आहे आणि त्याच्या फरशीत धातूची एक लांबलचक पट्टी बसवलेली आहे. वर छतात, सुमारे २७ मीटर उंचीवर, एक छोटं भोक आहे. रोज मध्यान्हीला त्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा ही पट्टी ओलांडून जातो. २१ जूनच्या सुमारास तो भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून जेमतेम १० मीटरवर पडतो. मग रोज थोडा थोडा सरकत डिसेंबरच्या २१ तारखेला तो जवळजवळ ६७ मीटरवर, पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला पोचतो. ही आखणी १६५५ सालची, कासिनी या खगोलशास्त्रज्ञाची. शनीच्या कड्यांमधल्या फटीला ज्याचं नाव आहे, तोच हा.

आज वर्षातला कितवा दिवस, हे या फरशीवर वाचता येतं. चर्चच्या दाराबाहेर छत्री लागेल की टोपी, ते मात्र कवडसा सांगत नाही. बोलोन्याचं हवामान सूर्य जितकं ठरवतो, जवळजवळ तितकंच ते आजूबाजूचे डोंगर ठरवतात.

नकाशा पाहा. उत्तरेला आणि पश्चिमेला आल्प्स, दक्षिणेला शहराला अगदी खेटून अपेनाइन्सच्या टेकड्या, मध्ये पो नदीचं सपाट खोरं. पूर्वेला एड्रियाटिक समुद्राकडे तेवढी बाजू उघडी. एका कडेने चेपलेली परात म्हणा हवं तर. अटलांटिकवरून येणारे वारे डोंगरांनी अडतात, त्यामुळे या परातीत आलेली हवा लवकर बाहेर पडत नाही. हिवाळ्यात ती गारठून साचते आणि उन्हाळ्यात तापून साचते. इटली म्हटलं की डोळ्यांपुढे निळा समुद्र आणि कोरडं ऊन येतं, पण त्या इटलीशी बोलोन्याचं नातं दूरचं आहे. जलद रेल्वेने फ्लोरेन्स इथून पाऊण तासाच्या आत येतं आणि त्यातला बराचसा रस्ता डोंगराच्या पोटातून जातो. पण बोगद्याच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला धुकं, असं सहज घडतं.

जानेवारीपासून सुरुवात करू. दिवसाचं तापमान ५ ते ७ अंश आणि रात्रीचं शून्याच्या आसपास. आकडे वाचून फार भीती वाटत नाही, पण हवा इतकी दमट असते की गारठा हाडात शिरतो. मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून २२-२८ अंशच वर येतो. मुंबईत याच काळात तो ५० अंशांच्या आसपास असतो. रात्र मोठी, वारा पडलेला, जमीन ओली. अशा रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि तिला लागून असलेली हवा थंड होते. थंड हवा जड असल्यामुळे ती परातीच्या तळाशी बसते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा राहतो. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते, इथे उलटं होतं. याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात. झाकणाखालच्या हवेतली वाफ बारीक थेंबांच्या रूपात लोंबकळत राहते, तेच तिथलं प्रसिद्ध धुकं. तिरपं, अशक्त ऊन ते उडवू शकत नाही, म्हणून ते दिवसचे दिवस मुक्काम करतं. गाड्यांचा आणि शेकोट्यांचा धूरही त्याच झाकणाखाली अडकतो. युरोपातल्या सर्वात खराब हवेच्या पट्ट्यांत हे खोरं गणलं जातं, त्याचं मोठं कारण हे झाकणच. गेल्या काही दशकांत धुक्याचे दिवस पुष्कळ कमी झाले आहेत, पण कोंदटपणा संपलेला नाही.

हे झाकण पायी चालत ओलांडता येतं. शहराच्या सारागोत्सा दरवाजापासून सान लुकाच्या टेकडीपर्यंत ६६६ कमानींचा, पावणेचार किलोमीटरच्या आसपासचा छताचा रस्ता आहे. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर, शहर साधारण ५० मीटर. धुक्याच्या दिवशी खाली मफलर गुंडाळून निघायचं, अर्धी चढण दुधासारख्या पांढऱ्या हवेत काढायची, आणि नशीब असेल तर वरच्या कमानींपाशी एकदम लख्ख ऊन. खाली पांढरा समुद्र आणि अंगावरचा कोट नकोसा झालेला. पाठ्यपुस्तकातली आकृती इतक्या स्वस्तात पाहायला मिळण्याच्या जागा फार नाहीत.

जानेवारीचे शेवटचे तीन दिवस, २९ ते ३१, इटालियन लोककथेत ‘काळ्या चिमणीबाईचे दिवस’. खरं तर तो कस्तुरासारखा पक्षी. एकेकाळी तो पांढरा होता, थंडी सोसेना म्हणून धुराड्यात जाऊन बसला आणि बाहेर आला तो काजळी माखून, अशी कथा. वर्षातली सर्वात कडक थंडी याच दिवसांत असते म्हणतात. मोजमापं दरवर्षी याला साथ देत नाहीत, पण कथेत तथ्याचा अंश आहे. सर्वात लहान दिवस डिसेंबरात उलटून जातो, तरी जमीन आणि समुद्र साठवलेली उष्णता आणखी महिनाभर खर्चच करत राहतात. कवडसा परतीला लागलेला असतो आणि थंडी मात्र अजून शिखरावर.

फेब्रुवारीत दिवस हळूहळू मोठे होतात, पण भरवसा नाही. ईशान्येकडून थंड वारा एड्रियाटिकवरून बाष्प घेऊन आला आणि अपेनाइन्सवर आदळला की बर्फ पडतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये या भागाने असा बर्फ पाहिला की तो लोकांच्या अजून लक्षात आहे. मार्चला तिकडे वेडा महिना म्हणतात. ऊन बघ आणि छत्री घे, अशा अर्थाची म्हणच आहे. या दिवसांत कधीकधी नैर्ऋत्येकडून ‘गारबिनो’ वारा सुटतो. तस्कनीच्या बाजूने डोंगर चढताना हवा आपलं पाणी तिकडेच पाडते. वाफेचं पाणी होताना सुटलेली उष्णता तिच्यात राहते, म्हणून चढताना ती फारशी गार होत नाही. बोलोन्याच्या बाजूने कोरडी होऊन उतरताना मात्र दर १०० मीटरला साधारण एक अंशाने तापते. मग मार्चच्या मध्यात अचानक स्वेटर काढावा लागतो, आणि दोन दिवसांनी परत घालावा लागतो.

एप्रिल सुखाचा. दिवसाला १८-१९ अंश, आणि आसपासच्या फळबागा फुललेल्या. फुलं आल्यावर पहाटे दहिवर गोठण्याचा धोका असतो, तेव्हा इथले काही बागायतदार झाडांवर चक्क पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि सतत फवारा चालू असेल तर बर्फाच्या कवचातली कळी शून्याच्या फार खाली जात नाही. थंडीपासून वाचवण्यासाठी बर्फातच गुंडाळणं!

आता मे. शाळांना सुट्टी म्हणून आपल्याकडचे बहुतेक लोक याच महिन्यात युरोपला निघतात, त्यामुळे जरा थांबून सांगतो. बोलोन्याचा वर्षाचा पाऊस ७०० ते ७५० मिलिमीटर, म्हणजे जवळपास पुण्याइतकाच. फरक वाटपात आहे. पुण्यात त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो, बोलोन्यात तो बाराही महिन्यांत विखुरलेला असतो आणि वसंतात व शरदात थोडा जास्त पडतो. म्हणजे आपली मेची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी, दोन्ही नेमक्या तिथल्या ओल्या ऋतूंत येतात. घाबरू नका, सरी येतात आणि जातात. दिवसाचं २३-२४ अंश तापमान, संध्याकाळी हलकं जाकीट, आणि पायात भिजले तरी चालतील असे बूट.

शिवाय या शहरात छत्री विसरली तरी फारसं बिघडत नाही. इथल्या रस्त्यांच्या कडेला कमानींची ओसरी आहे. जुन्या शहरात तिची लांबी ३८ किलोमीटर भरते आणि सगळं शहर धरलं तर ६२. मध्ययुगात विद्यापीठासाठी लोक लोटले, घरं अपुरी पडली, म्हणून वरच्या मजल्याच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खाली खांब दिले. १२८८ साली शहराने नियमच केला की नव्या घराला ओसरी हवीच, आणि ती घोडेस्वार खालून जाईल एवढी उंच हवी. कारण जागेच्या टंचाईचं होतं, पण फायदा पावसात, उन्हात आणि बर्फातही होत राहिला. २०२१ मध्ये या ओसऱ्या युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

पावसाशी या शहराचं नातं मात्र नेहमीच इतकं गोड नाही. १४३३ साली पाऊस थांबेचना, पिकं कुजायची वेळ आली, तेव्हा सान लुकाच्या टेकडीवरची मेरीमातेची तसबीर मिरवणुकीने शहरात आणली आणि पाऊस थांबला, अशी कथा आहे. आपण ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणतो, यांनी पाणी आवर म्हटलं. तेव्हापासून ही तसबीर वर्षातून एकदा, बहुधा मे महिन्यात, आठवडाभरासाठी खाली उतरते. आणि मे २०२३ मध्ये, दोन आठवड्यांच्या अंतराने, या प्रांतावर दोनदा भयंकर पाऊस कोसळला. एड्रियाटिकवरची ओली हवा अपेनाइन्सच्या भिंतीवर सतत ढकलली जात होती आणि पहिल्या पावसाने जमीन आधीच तुडुंब भिजलेली होती. २३ नद्या-ओढ्यांना पूर आला, हजारो दरडी कोसळल्या, १७ माणसं गेली. बोलोन्यात राव्होने नावाचा ओढा शहराखालून झाकून नेलेला आहे. तो रस्ता फोडून वर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा तेच. झाकलेला ओढा आपली वाट विसरत नाही, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

जूनमध्ये कवडसा भोकाच्या सर्वात जवळ येतो. मध्यान्हीचा सूर्य ६९ अंशांवर, दिवस साडेपंधरा तासांचा, रात्री नऊपर्यंत उजेड. तरी डोक्यावर मात्र तो कधीच येत नाही. मे आणि जुलैमध्ये मुंबईत आपण शून्य सावलीचा दिवस साजरा करतो, बोलोन्यात सावली कायमच माणसासोबत असते. असं असून जुलैत पारा ३० च्या वर जातो आणि उष्णतेची लाट आली तर ३५ च्या पुढे. इथे पुन्हा परात आठवायची. वारा नाही, शेतं आणि कालवे वाफ सोडताहेत, हवा कोंडलेली. या घामट काहिलीला तिथे ‘आफा’ म्हणतात. कोकणातल्या माणसाला ती ओळखीची वाटेल, फक्त तिथल्या जुन्या घरांत पंखा टांगलेला नसतो. खोली घेताना एसी आहे ना, हे विचारून घ्या. फेरफटका सकाळी दहापर्यंत किंवा संध्याकाळी सातनंतर.

कोंडलेल्या या उष्ण हवेवर आल्प्सच्या बाजूने थंड हवा घुसली की आपल्या वळवासारखी वादळं होतात, गारांसकट. जुलै २०२३ मध्ये ईशान्य इटलीच्या मैदानात सुमारे १९ सेंटिमीटर व्यासाची गार पडली. फळबागांवर जाळ्या दिसतात त्या यासाठीच. विजांचा विषय निघालाच आहे तर गाल्व्हानीला टाळता येणार नाही. बोलोन्याच्या या शरीरशास्त्रज्ञाने १७८६ च्या सुमारास बेडकांचे पाय तारेला जोडून गडगडाटी वादळाची वाट पाहिली. वीज चमकली की पाय झटका देत. मग स्वच्छ आकाशाखाली, लोखंडी कठड्यावर पितळी आकड्याने लटकवलेले पायही झटके देताना दिसले. ही वीज प्राण्याच्या अंगातली, असं त्याचं म्हणणं. भौतिकशास्त्रज्ञ व्होल्टाने ते खोडलं, दोन वेगळ्या धातूंकडे बोट दाखवलं, आणि त्या भांडणातून पुढे बॅटरी जन्मली.

ऑगस्टबद्दल एकच गोष्ट. १५ तारखेला ‘फेर्रागोस्तो’ची सुट्टी असते, तिच्या आगेमागे शहर रिकामं होतं आणि तुम्हाला जिथे जेवायचं होतं नेमकी तीच खाणावळ बंद मिळते.

माझ्या मते जायचं तर सप्टेंबरात. २५-२६ अंश, टेकड्यांवर द्राक्षांची तोडणी, हवेतला चिकटपणा गेलेला. ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे पुन्हा तापण्याचा महिना, तिकडे तो झपाट्याने उतरण्याचा. सुरुवातीला बिनबाह्यांचं चालतं, शेवटाला कोट लागतो. नोव्हेंबर करडा, ओला. ११ तारखेच्या, म्हणजे संत मार्टिनच्या सणाच्या आसपास उबदार उन्हाचे चार दिवस येतात अशी समजूत आहे. आले तर लुटावेत, त्यांच्या भरवशावर तिकीट काढू नये. थंडी सुरू झाली की गरम रश्श्यात घातलेली तोर्तेल्लिनी नावाची सारण भरलेली पिठाची छोटी पुडकी खायची. ज्यांनी हा पदार्थ जुलैत खाऊन नावं ठेवली, त्यांनी तो चुकीच्या महिन्यात खाल्ला.

डिसेंबरच्या १३ तारखेला संत लुचियाचा दिवस, आणि हाच वर्षातला सर्वात लहान दिवस असं इटालियन म्हण सांगते. प्रत्यक्षात तो २१ च्या आसपास असतो. मग म्हण चुकली का? ती जुन्या, ज्युलियन पंचांगाच्या काळातली आहे. ते पंचांग सूर्याच्या तुलनेत मागे पडत गेलं होतं आणि चौदाव्या शतकात सर्वात लहान दिवस खरोखरच १३ डिसेंबरला येत होता. ही चूक १५८२ मध्ये सुधारली गेली. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला, मधले दहा दिवस वगळले. सुधारणा करणारा पोप तेरावा ग्रेगरी हा बोलोन्याचाच. सान पेत्रोनिओमध्ये कासिनीच्या आधी अशी पहिली रेषा आखणारा इन्याझिओ दान्ती या सुधारणेच्या कामात होता. आणि ४ ऑक्टोबर हा संत पेत्रोनिओचाच सण. म्हणीत आजही थोडा जीव उरलाय: बोलोन्यात सर्वात लवकर सूर्यास्त होतो तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, साडेचारच्या जरा नंतर. तेव्हा सेर्वी चर्चच्या ओसरीखाली संत लुचियाची जत्रा भरलेली असते.

२१ तारखेला, सव्वाबाराच्या जरा आधी, सान पेत्रोनिओमध्ये पट्टीच्या दूरच्या टोकाशी उभं राहा. कवडसा तिथेच यायला हवा. बाहेर धुकं असेल, तर फरशी तशीच काळोखी राहते.