बांधकाम करारातील प्रस्ताव व स्वीकृती

बांधकामाचा करार केव्हा जुळला हे ठरवणारी दोन अंगे: एकाने अटी मांडणे म्हणजे प्रस्ताव, दुसऱ्याने त्यांना होकार देणे म्हणजे स्वीकृती. व्याख्या भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम २ मध्ये. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने हा अधिनियम तेथे १९५१ मध्ये लागू झाला.

संकल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. इंग्रजी निवाड्यांतून ती आपोआप घडली असे जुने मत; अठराव्या शतकातील फ्रेंच न्यायपंडित पोतिए यांच्या विवेचनातून ती इंग्लंडात उतरली असे दुसरे. दुसरे अधिक ग्राह्य दिसते, कारण ॲडम्स विरुद्ध लिंडसेल (१८१८) या टपालाच्या खटल्याआधी अशी मांडणी क्वचितच आढळते. स्वीकृतीचे पत्र टपालात पडताच करार होतो, हा इंग्रजी टपालाचा नियम भारतीय कायद्याने अर्धाच घेतला. कलम ४ नुसार स्वीकृतीचे पत्र रवाना होताच प्रस्ताव देणारा बांधला जातो. स्वीकारणारा मात्र ते पोचेपर्यंत मोकळा राहतो.

शासकीय कामांत निविदा सूचना म्हणजे प्रस्तावाचे केवळ आमंत्रण, प्रस्ताव गुत्तेदाराचा (कंत्राटदाराचा). निविदेच्या 'बी-१' नमुन्यात तो अंदाजपत्रकापेक्षा इतके टक्के कमी वा जास्त, असा भरतो. 'बी-२' मध्ये बाबनिहाय दर. स्वीकृती बिनशर्त हवी (कलम ७). 'दर दोन टक्के उतरवा' असे उत्तर गेले की तो नवा प्रस्ताव होतो. इरादापत्राने (काम देण्याचा मानस कळवणाऱ्या पत्राने) सहसा करार होत नाही. राज्य शासनाचा करार राज्यपालांच्या नावे व्हावा लागतो (संविधान, अनुच्छेद २९९). तसा नसूनही शासनाने बांधकाम वापरले, तर संविदा अधिनियमाच्या कलम ७० खाली मोबदला मिळतो, हे पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल (१९६२) या निवाड्याने पक्के केले. कागदाआधी काम सुरू करणाऱ्या लहान गुत्तेदाराला हाच खरा आधार आहे.

खासगी घरबांधणीत चौरस फुटाच्या दराने काम 'अंगावर' दिले जाते. इसार घेऊन मिस्त्रीने फक्कीने (चुन्याच्या भुकटीने) पायाची आखणी टाकली की कलम ८ नुसार स्वीकृती झाली, असे सामान्यतः धरता येते. सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा व टेकू) कोणाचे, उन्हाळ्यात टँकर कोणी आणायचा, हे मात्र बहुधा बोलायचे राहते.

फोनवरील होकाराबद्दल भगवानदास केडिया खटल्यात (१९६६) सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की, होकार ऐकू येतो तेथे करार होतो. म्हणजे गावचे घर बांधायला पुण्याहून मालकाने दर सांगितला आणि मिस्त्रीने लातुरातून 'जमतंय' म्हटले, तर करार पुण्यात. न्या. हिदायतुल्ला यांनी कलम ४ चे शब्द फोनलाही पुरतात, असे भिन्न मत दिले. कलमाच्या भाषेशी तेच अधिक जुळते. तथापि न्यायालये बहुमतच पाळतात. काम जेथे झाले तेथेही दावा लावता येतो.