पार्श्वभूमी: "भेसळ" या एका शब्दाचा घोळ

दुधाच्या टँकरवर धाड पडली की बातमीच्या हेडिंगमध्ये "भेसळ" हा शब्द ठरलेला. खाली वाचत गेलं तर कधी युरिया सापडलेला असतो, कधी नुसतं एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) कमी लागलेलं असतं, कधी पिशवीवर तारीखच नसते. तिन्हीला एकच शब्द. हा घोळ बातमीदारांनी घातलेला नाही, तो कायद्यातूनच आलाय, आणि अन्न तपासणाऱ्या माणसांनी नेमकं काय शोधायचं हे सुद्धा पन्नासेक वर्षं याच शब्दाने ठरवलं. म्हणून जरा मागे जायला हवं.

फार मागे जायची गरज नाही. 1860 च्या दंडसंहितेत कलम 272 होतं, पण त्यात अन्न "अपायकारक" केलं हे सिद्ध करावं लागायचं. दुधात पाणी घातलं तर गिऱ्हाईक फसतं हे खरं, पण कोणाच्या तब्येतीला अपाय झाला हे कोर्टात दाखवणार कसं? मग प्रांतांनी आपापले कायदे केले, मुंबई इलाख्याचा 1925 चा, आणि स्वातंत्र्यानंतर सगळ्या देशाला एक म्हणून 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा आला, लागू झाला 1 जून 1955 पासून.

खरी गोष्ट इथून सुरू होते. अपाय सिद्ध करायची अडचण नको म्हणून या कायद्याने व्याख्याच फिरवली. ठरवून दिलेल्या मानकापेक्षा दर्जा कमी असेल तर तो पदार्थ भेसळयुक्त, विषय संपला. कोणी काही मिसळलं की नाही हा प्रश्नच उरला नाही. महाराष्ट्रात तेव्हा गायीच्या दुधाला 3.5 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ लागायचं, म्हशीला 6 आणि 9. आता ज्याच्या गोठ्यात गाय आहे त्याला विचारा, एप्रिल-मे मध्ये हिरवा चारा संपला, नुसत्या कडब्यावर जनावर काढलं की एसएनएफ 8.2 लागतं का नाही ते. लागतं. पण तेच दूध सॅम्पलच्या बाटलीत गेलं, रिपोर्ट आला, की तो माणूस भेसळखोर. हेतू काय होता हे कोर्टाने बघायचंच नव्हतं. 1964 च्या दुरुस्तीनंतर तर किमान सहा महिने कैद आणि हजार रुपये दंड असं झालं, म्हणजे साधारणपणे दोषी ठरवलं की न्यायाधीशांनाही हात आखडता घ्यायला फारशी जागा नाही.

तुपाची गोष्ट तर अजून बोलकी आहे. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपाचं बीआर रीडिंग (भेसळ ओळखायला तुपातून प्रकाश किती वाकतो ते मोजून आलेला आकडा) मुळातच जास्त येतं, त्यात कोणी वनस्पती तूप घातलेलं नसलं तरी. म्हणून नियमांत "कापूस पट्टा" असा वेगळा रकाना करावा लागला, तिथल्या तुपाला 41.5 ते 45 चालायचं आणि बाकी बऱ्याच ठिकाणी 40 ते 43. म्हणजे तूप कुठल्या गावचं हे कळल्याशिवाय ते शुद्ध की भेसळ हे ठरायचं नाही! आणि मुंबईतला सुगंधी सुपारीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, त्यात सॅकरिन आणि सायक्लामेट ही कृत्रिम गोडी होती, पण आधी वाद कशावर, तर सुपारी हे अन्न आहे का यावर. कोर्टाने अन्न आहे म्हटलं, ते बरंच झालं.

हे सगळं राबवणारा माणूस म्हणजे फूड इन्स्पेक्टर. सॅम्पल काढणं हे बाहेरून सोपं वाटतं. पहाटे डेअरीवर जायचं, दोन पंच शोधायचे (त्या वेळी कोणी तयार नसतं, चहावाल्याला हातापाया पडून आणायचं), दूध रोख पैसे देऊन विकत घ्यायचं, पावती घ्यायची, कॅन नीट ढवळायचा, मग तीन कोरड्या स्वच्छ बाटल्यांत सारखं भरायचं. दर 25 मिलीला फॉर्मलिनचे दोन थेंब, नाहीतर लॅबला पोचेपर्यंत दूध नासणार. बूच, वरून जाड कागद, त्यावर कागदी पट्टी बुडापासून तोंडापर्यंत चिकटवलेली, विक्रेत्याची सही अशी की अर्धी पट्टीवर आणि अर्धी कागदावर, मग सुतळी, आणि लाखेचे चार ठसे, एक वर, एक खाली, दोन अंगाला. मी लॅबमध्ये या बाजूला बसायचो, बाटली उघडायच्या आधी ठसे नमुन्याच्या ठशाशी ताडून बघायचे आणि मगच जर्बरच्या, म्हणजे फॅट मोजायच्या नळीत अॅसिड ओतायचं. इतकं करून खटला उभा राहायचा कधी तर काही वर्षांनी, तोवर पंच फितूर, आणि सुटका कशावर? कॅन ढवळल्याचं पंचनाम्यात लिहिलं नव्हतं, बाटली कोरडी होती असं साक्षीत आलं नाही. इन्स्पेक्टरने पैसे खाल्ले असणार असं लोक सरसकट बोलायचे, काहींच्या बाबतीत ते खरंही असेल, पण पहाटे चार वाजता उठून लाख वितळवणारी माणसं मी बघितली आहेत आणि त्यांच्या केसेस अशा एका वाक्यावर पडताना पण बघितल्या आहेत.

या सगळ्यात दिवस कशात गेले तर काउंटरवर फॅट मोजण्यात. आणि 1998 ला दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल आलं. धोतऱ्याचं बी मोहरीसारखंच दिसतं. पाय सुजून लोक दवाखान्यात यायला लागले, साठच्या वर माणसं गेली. हे खरं विष होतं, आणि ते लक्षात आलं ते वॉर्ड भरल्यावर. सुट्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली, पण एसएनएफ कमी असलेलं दूध आणि धोतऱ्याचं तेल दोघांना कायद्यात नाव एकच, भेसळ. मला वाटतं त्या कायद्यातला सगळ्यात मोठा दोष तोच.

2006 ला नवा कायदा झाला, अंमल 5 ऑगस्ट 2011 पासून. त्याने हा एक शब्द फोडून तीन केले: असुरक्षित, कमी दर्जाचं, आणि मिथ्याछाप म्हणजे लेबलात खोट. असुरक्षित असेल तर फौजदारी खटला, माणूस दगावला तर किमान सात वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत. कमी दर्जाचं असेल तर तुरुंग नाही, अधिकाऱ्यासमोर सुनावणी आणि पाच लाखांपर्यंत दंड. इन्स्पेक्टरचा अन्न सुरक्षा अधिकारी झाला, तीन बाटल्यांच्या चार झाल्या, विक्रेत्याला एक भाग मान्यताप्राप्त खाजगी लॅबला पाठवायला सांगता येतो, रिपोर्ट 14 दिवसांत द्यायचा. लायसन्स, रजिस्ट्रेशन, किचनची स्वच्छता वगैरे सगळं आलं, ते आता सगळ्यांना माहीत आहे.

या फोडीवर तेव्हा खूप टीका झाली, अजून होते. भेसळखोरांना दंड भरून मोकळं सोडलं असं म्हणतात. मोठ्या कंपनीला पाच लाख म्हणजे काहीच नाही हा मुद्दा मला पटतो, दंड उलाढालीवर ठरायला हवा. पण फोड चुकीची होती हे पटत नाही. कमी एसएनएफ म्हणजे विष नव्हे, आणि ते वेगळं केल्याशिवाय विषाकडे लक्ष जातच नाही.

याचा पुरावा दुधाच्या दोन पाहण्यांत आहे. 2011 च्या देशव्यापी पाहणीत 1,791 नमुने घेतले, 68.4 टक्के मानकात बसले नाहीत, आणि देशभर बातमी झाली की 68 टक्के दूध भेसळीचं. त्या फेल गेलेल्यांत 574 नमुन्यांत एसएनएफ कमी, म्हणजे बहुतेक पाणी. डिटर्जंट सापडलं 103 मध्ये, ते गंभीरच आहे, पण हेडिंगमध्ये दोन्ही एकाच पातेल्यात. त्यावरून पुढे दुधात भेसळ करणाऱ्याला जन्मठेप द्यायची चर्चा सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. मग 2018 च्या पाहणीत 6,432 नमुने घेतले आणि या वेळी असुरक्षित आणि कमी दर्जाचं वेगळं मोजलं. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड असलं काही मिसळलेले नमुने निघाले 12. फॅट किंवा एसएनएफ कमी असलेले पुष्कळ. आणि अफ्लाटॉक्सिन एम1, म्हणजे बुरशीचं विष, मर्यादेपेक्षा जास्त असलेले 368.

368! हे कोणी मिसळलेलं नसतं. शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, मका ओलीला ठेवला की बुरशी येते, जनावर ते खातं आणि विष दुधात उतरतं. दूध उकळलं तरी जात नाही. मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम, लॅक्टोमीटरला काय कळणार त्यातलं, त्याला वेगळं यंत्र आणि ते चालवणारी शिकलेली माणसं लागतात.

म्हणजे तपासणाऱ्याने जायला हवं गोठ्यात आणि पेंडीच्या गोदामात, पोतं उपसून खालची पेंड हातात घेऊन बघायला. आणि 2006 च्या कायद्यात अन्नाची व्याख्या वाचली तर त्यात पशुखाद्य सरळ वगळलेलं आहे. विकतचं पशुखाद्य भारतीय मानकाप्रमाणे असावं असा आदेश नंतर निघाला, त्याची तारीख पुढे ढकलली गेली. घरच्या घरी भरडलेल्या मक्याला आणि पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पेंडीला तो आदेश लागतच नाही. तिथे आजही अधिकारी नाही, दूध संघाचा संकलनवाला पोचतो तेवढाच, आणि त्याच्या हातात फॅट मोजायचं मशीन असतं.