हालचाल आणि लेकरांचं शिकणं

लेकरू पालथं पडतं, रांगतं, पळतं, चढतं, फेकतं, झेलतं, माती कालवतं, आणि या सगळ्यातून त्याचं अंग आणि मेंदू सोबतच घडत जातात. पुढं वाचायला, लिहायला, मोजायला जो पाया लागतो तो इथंच तयार होतो. बालशिक्षणात याला शारीरिक आणि कारक विकास म्हणतात. त्याचे दोन भाग धरतात. हात, पाय, पाठ, पोट अशा मोठ्या स्नायूंच्या हालचाली म्हणजे स्थूल कारक आणि मनगट, बोटं, डोळे यांचं बारीक काम म्हणजे सूक्ष्म कारक. अंगणवाडीताईंना हे शब्द ट्रेनिंगपासून पाठ असतात, घरी मात्र आपण "नुसतं हुंदडतंय, अभ्यासाचं नाव नाही" एवढंच म्हणतो. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी गल्लोगल्ली नर्सरी निघाल्यात, तिथं तीन वर्षांच्या लेकराला चाररेघी वही दिली जाते आणि पालकही रोज वही किती भरली तेच बघतात, म्हणून हा विषय इथं नीट समजून घेणं फार गरजेचं आहे.

अंग कोणत्या क्रमानं तयार होतं

शरीरावरचा ताबा वरून खाली आणि मधून बाहेर असा येत जातो. आधी मान धरते, मग पाठ, मग कंबर, मग पाय. हाताचंही तसंच, आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी लेकरांचा अभ्यास करून २००६ साली याचे टप्पे मांडले. आधाराशिवाय बसणं साधारण ४ ते ९ महिन्यांत, एकट्यानं चालणं साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांत. एवढा मोठा फरक नॉर्मल आहे, त्यामुळं शेजारणीचं लेकरू दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं अजून बसूनच आहे म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही. त्याच अभ्यासात शंभरातली चारेक लेकरं गुडघ्यावर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली आणि चालली. "रांगलं नाही म्हणून पुढं वाचायला जड जाणार" असं ठामपणे सांगणारे लोक भेटतात, त्याला पुरावा नाही.

मनगटाची गोष्ट वेगळी आणि ती प्रत्येक आईबापानं ऐकावी अशी आहे. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळाचा एक्सरे काढला तर त्यातलं एकही सहसा दिसत नाही, कारण तिथं सगळी कूर्चा, म्हणजे हाड व्हायच्या आधीचा मऊ भाग, असते. मग वर्षावर्षानं एकेक हाड तयार होतं आणि शेवटचं दिसायला साधारण नऊ ते बारा वर्षं लागतात. याचा अर्थ बारा वर्षांपर्यंत लिहू नये असा अजिबात नाही, पण तीन वर्षांच्या लेकराच्या मुठीत पेन्सिल देऊन रेघेत अक्षर बसव म्हणणं म्हणजे जे अंग अजून तयार नाही त्याच्याकडून काम मागणं आहे. ते लेकरू पेन्सिल दाबून धरतं, खांद्यापासून अख्खा हात हलवतं, वही फाटते, मग रडतं, आणि आपण म्हणतो याला लिहायचा कंटाळा आहे.

कान, सांधे आणि तोल

आपल्याला पाच ज्ञानेंद्रियं शिकवतात, पण लेकराच्या शिकण्यात अजून दोन संवेदना फार मोठं काम करतात. एक तोलाची. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यातलं पाणी डोकं फिरवलं की हलतं आणि मेंदूला कळतं आपण कुठं वळलो. त्यांच्याजवळच वर-खाली, मागं-पुढं झाल्याचं सांगणारे दोन भाग असतात. दुसरी संवेदना स्नायू आणि सांध्यांची, डोळे मिटले तरी आपला हात कुठं आहे ते कळतं ते हिच्यामुळं. डोकं हलत असताना नजर एका जागी धरून ठेवायचं काम तोलाची यंत्रणा डोळ्यांशी मिळून करते. आणि हे सगळं जुळवणारा लहान मेंदू आकारानं छोटा असला तरी मेंदूतल्या एकूण मज्जापेशींपैकी निम्म्याहून जास्त त्याच्यात असतात.

नागपंचमीला लिंबाच्या झाडाला बांधलेला झोका, लातूर-धाराशिवकडं येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात बांधलेला झोका, पोरी हात धरून फुगडी खेळतात, गरगर फिरून धपकन पडतात आणि हसत परत उठतात, या सगळ्यात तोलाच्या यंत्रणेला भरपूर काम मिळतं. कुणी शिकवायच्या हेतूनं हे सुरू केलं नव्हतं पण लेकराच्या अंगाला जे लागतं ते त्यात आहे.

स्वतः हलणं आणि दुसऱ्यानं हलवणं यात किती फरक पडतो हे १९६३ साली हेल्ड आणि हाइन या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर दाखवलं. एक पिल्लू स्वतः चालत गोल फिरायचं, दुसरं त्याच दांड्याला टांगलेल्या टोपलीत बसून फिरायचं, दोघांना दिसायचं जवळजवळ सारखंच. पण समोर किती खोल आहे ते ओळखणं, पाय टेकवायला नेमका पुढं करणं हे चालणाऱ्या पिल्लाला जमलं, टोपलीतल्याला जमलं नाही. पिल्लाचं सगळं माणसाच्या लेकराला तसंच्या तसं लागू होत नाही, पण तासन्‌तास मोबाईल धरून एका जागी बसवलेल्या लेकराकडं बघताना ती टोपली आठवते.

ठिक्करचा खेळ जवळून बघा

अंगणात कोळशानं किंवा विटेच्या तुकड्यानं घरं आखलीत, पाच-सहा वर्षांची पोरगी हातात खापराचा तुकडा घेऊन उभी आहे. आधी ती नेम धरते, म्हणजे अंतराचा अंदाज, किती जोर लावायचा त्याचा अंदाज. खापर रेघेवर पडलं तर बाद, म्हणून जोर आवरायचा. मग एका पायावर लंगडत जायचं, खापर असलेलं घर ओलांडायचं, म्हणजे कुठलं घर सोडायचं ते डोक्यात धरून ठेवायचं आणि त्याच वेळी तोल सांभाळायचा. शेवटी वळायचं आणि येताना एका पायावर वाकून खापर उचलायचं. इथं बहुतेक लेकरं पडतात! वाकताना डोकं खाली जातं, तोल बदलतो, पोटाचे आणि पाठीचे स्नायू ताठ धरावे लागतात आणि बोटांनी तेवढ्यात चपटं खापर चिमटीत धरायचं असतं. शिवाय मैत्रिणी बाजूला उभ्या आहेत, रेघेला पाय लागला का नाही यावर भांडण ठरलेलं, म्हणजे नियम, नंबर, वाट बघणं, हरणं सगळं आलं. क्रमानं पुढं जाणारे अंक इथं तिच्या पायाखाली असतात.

सागरगोट्यांत असंच, एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत एकेक, मग दोनदोन, मग तीनतीन उचलायचे. गट करून मोजणं आणि नजर-हाताचा मेळ दोन्ही एका खेळात. खो-खोत तर स्वतःला आवरायची कसोटी असते. आठ जण आळीपाळीनं उलट्या दिशेला तोंड करून बसलेले, खो मिळेपर्यंत उठायचं नाही, उठल्यावर उलटं फिरायचं नाही. अंगात पळायची घाई आणि नियम सांगतो थांब. शाळेत प्रश्न पूर्ण ऐकून मग उत्तर द्यायला हाच ताबा लागतो. धाराशिवला खो-खोची परंपरा चांगली आहे, तिथल्याच सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला.

अक्षरापर्यंतचा रस्ता

आपली देवनागरी लेकराकडून दिशांचं ज्ञान जरा जास्तच मागते असं माझं मत आहे. एका क च्या भोवती मात्रा वर, उकार खाली, पहिली वेलांटी डावीकडं, दुसरी उजवीकडं. ३ आणि ६ तर जवळपास आरशातले. ज्या लेकराला स्वतःच्या अंगाचं डावं-उजवं, वर-खाली अजून पक्कं झालं नाही त्याला कागदावरचं डावं-उजवं कसं पक्कं होणार? झाडावर चढताना, बाजेखालून सरपटताना, चेंडू अडवताना हे डावं-उजवं अंगात बसतं. पाच-सहा वर्षांपर्यंत लेकरानं अक्षर उलटं काढलं तर ते वाढीचा भाग आहे, मारायचं कारण नाही.

हातानं लिहिण्याचं महत्त्वही तेवढंच. २०१२ साली जेम्स आणि एंगेलहार्ट या संशोधकांनी वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या लेकरांना काही अक्षरं हातानं काढायला दिली, काही गिरवायला, काही कीबोर्डवर टाइप करायला. नंतर मेंदूचं स्कॅनिंग केलं तर वाचताना जो भाग कामाला लागतो तो हातानं काढलेल्या अक्षरांना जास्त जागा झाला. स्वतः वाकडंतिकडं काढलेलं अक्षर गिरवलेल्या सुबक अक्षरापेक्षा जास्त शिकवून जातं, हे गिरवणीच्या वह्या विकत घेताना लक्षात ठेवावं.

मग पेन्सिलीआधी काय? आई भाकरी थापते तेव्हा एक छोटा गोळा लेकराच्या हातात. ते तो तळव्यानं दाबतं, बोटांनी कडेकडेनं थापतं, कड फुटते, परत मळतं. तळहात, मनगट, दोन्ही हातांची वेगवेगळी कामं, सगळं आलं. शेंगा फोडणं, ज्वारीतले खडे निवडणं, मातीचे बैल करणं, पिळा घालून कपडा पिळणं, याला पैसे लागत नाहीत.

शाळा आणि खेळाचा तास

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार एक ते चार वर्षांच्या लेकरांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, जे बाळ अजून रांगत नाही त्याला जागेपणी मिळून किमान ३० मिनिटं पालथं खेळू द्यावं. पाच ते सतरा वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमछाक होईल अशी हालचाल हवी. हिलमन या संशोधकांच्या २००९ च्या प्रयोगात नऊ-दहा वर्षांची मुलं २० मिनिटं चालून आल्यावर लक्ष धरण्याच्या चाचणीत जास्त बरोबर उत्तरं देताना दिसली. प्रयोग छोटा होता पण त्या दिशेचे पुरावे पुढंही आले.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान सक्तीचं केलंय. तरी चाचणी जवळ आली की पहिला कापला जातो तो खेळाचा तास, आणि शिक्षा म्हणून मधली सुट्टी बंद करतात ती नेमकी त्या लेकराची ज्याला एका जागी बसवत नाही, म्हणजे ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज आहे. आपल्याकडं मार्चपासून ऊन चाळिशीकडं जातं, पत्र्याच्या खोल्या तापतात, तेव्हा दुपारी मैदान शक्य नाही हे खरं. पण सकाळच्या शाळेत पहिला अर्धा तास खेळाला देता येतो, झाडाखाली लंगडी होते, वर्गात उभं राहून टाळ्यांवर पाढे होतात.

हा विचार आपल्याकडं नवा नाही. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाई १९३९ मध्ये भारतात आल्या, त्याआधीच ताराबाई मोडकांनी १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं होतं, १९३७ ला वर्ध्यात गांधीजींनी हातकामातून शिक्षण मांडलं. २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वयासाठी शारीरिक विकास हे शिक्षणाचंच एक अंग धरलंय.

काय टाळावं

चाकाचा प्लास्टिक वॉकर घेऊ नये. लेकरू त्यात लटकतं, बोटांवर ढकलत जातं, पायऱ्यांवरून पडतं, आणि चालणं त्यानं लवकर येत नाही. कॅनडानं २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात लेकरू स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं, तरी जवळ माणूस हवा. ठरावीक व्यायामानं मेंदूचा डावा-उजवा भाग जोडून देतो म्हणून जे कोर्स विकतात त्यांच्या दाव्यांना भक्कम पुरावा नाही, तसंच "हा मुलगा बघून शिकतो, ही ऐकून शिकते, तो हालचालीतून शिकतो" असे शिक्के मारून वेगवेगळं शिकवलं तर जास्त शिकतात हेही सिद्ध झालेलं नाही. हालचाल सगळ्याच लेकरांना लागते.

कामाला खेळ समजायची चूकही नको. उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन पळणारी, ऊसतोडीला गेलेल्या आईबापासोबत कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) धाकट्या भावंडाला दिवसभर कडेवर घेणारी आठ वर्षांची पोरगी खूप हालचाल करते, पण त्यात निवड नाही, विसावा नाही आणि शाळा सुटलेली असते. फडात गाड्या-बैलं असल्यानं तान्हं बाळ झोळीत बराच वेळ अडकून राहतं, त्याला सुरक्षित जागी सतरंजीवर मोकळं सोडायची सोय गावाकडं लेकरू सांभाळणाऱ्या आजीइतकीच मोलाची आहे. आणि पोटात अन्न, रक्तात लोह नसेल तर लेकरू हलतच नाही, शांत बसतं, आणि लोक त्याला गुणी म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली ६७ लेकरं रक्तक्षयाची निघाली. जमैकात वाढ खुंटलेल्या लेकरांवर झालेल्या अभ्यासात पोषण आणि खेळ दोन्ही एकत्र दिलेली लेकरं सगळ्यात पुढं गेली.

डॉक्टरांना कधी दाखवावं

नऊ-साडेनऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्ष झालं तरी चालत नाही, वर्षाच्या आतच कायम एकच हात वापरतं, अंग फार ढिलं किंवा फार ताठ लागतं, किंवा येत असलेलं काही विसरायला लागलं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नये. शाळेच्या वयातल्या शंभरातल्या पाच-सहा लेकरांना हालचालींचा मेळ घालणं खरंच जड जातं, बटण लागत नाही, चेंडू झेलत नाही, त्यानं काढलेलं अक्षर कुणाला वाचता येत नाही, पण बुद्धी चांगली असते. त्याला आळशी, धांदरट म्हणून काही सुधारत नाही, थेरपीनं सुधारतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते, पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं आणि गरज असेल तर पुढं जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं, म्हणजे वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडं, पाठवतं. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारून ठेवावं आणि त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नये.