सुगंध फवारला म्हणून कोंदट वास जात नाही

पाहुणे यायच्या अर्धा तास आधी रूम फ्रेशनरचे दोन-चार फवारे मारले की घरातला कोंदट वास ‘जातो’, हा समज फार जुना आहे. तो जात नाही. वासाचे रेणू हवेत, पडद्यांत, सोफ्याच्या कापडात तसेच असतात. वर दुसऱ्या, अधिक तीव्र गंधाचा थर चढतो एवढंच. काही फवाऱ्यांत सायक्लोडेक्स्ट्रिन नावाचं रसायन असतं, ते दुर्गंधाचे काही रेणू अडकवून ठेवतं खरं. पण ओला टॉवेल किंवा भरलेला कचऱ्याचा डबा घरात असेपर्यंत नवे रेणू येतच राहणार.

खरी गंमत यजमानाच्या नाकाची. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. यजमानाला वाटतं, सुगंध उडाला. तो आणखी फवारतो आणि दारातून आत पाऊल टाकणाऱ्याला ठसका लागतो. (कॉफीच्या बिया हुंगल्या की नाक पुन्हा ताजं होतं, असंही म्हणतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्या साध्या हवेपेक्षा सरस ठरल्या नाहीत.) घरात खरंच कसला वास आहे हे कळायला थोडा वेळ बाहेर जाऊन परत या, नाहीतर नुकत्याच आलेल्या माणसाला विचारा.

आधी खिडक्या उघडा, कचरा बाहेर काढा. मग एकच सौम्य सुगंध, तोही दाराजवळ. जेवणाच्या टेबलावर नकोच. चवीचा मोठा भाग नाकातूनच कळतो. दमा किंवा अर्धशिशी असलेलं कुणी येणार असेल, तर मी तरी नुसत्या मोकळ्या हवेवर भागवेन.