वर्षाची बेगमी वेगळी, आणीबाणीचा शिधा वेगळा

कोठीत वर्षाचे गहू, डब्यांत तूरडाळ, बरण्यांत लोणचं. घर असं भरलेलं असलं की वाटतं, काहीही झालं तरी आपलं अडणार नाही. भाव कडाडले, बाजार बंद राहिला, तर खरंच अडत नाही. बेगमी त्यासाठीच असते. पण पुरात किंवा वादळात तिच्याच भरवशावर राहणं मला धोक्याचं वाटतं.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. वीज नाही म्हणजे पिठाची गिरणी बंद आणि पाण्याचा पंपही बंद. मग कोठीतल्या गव्हाची पोळी कशी होणार? जातं आता किती घरांत उरलंय? डाळ-तांदळाला गिरणी लागत नाही, पण भरपूर पाणी आणि गॅस लागतोच.

बेगमीत सगळा जीव टिकाऊपणात. गहू एप्रिल-मेच्या उन्हात वाळवायचे, दाणा दाताखाली कट्‌कन फुटला की गार करून भरायचे, एरंडेलाचा हात फिरवायचा किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा. कीड लागू नये म्हणून कुणी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सुचवल्या तर कृपा करून ऐकू नका. त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो, घरातली माणसं दगावतात.

शिध्याची कसोटी निराळी: चूल न पेटवता पोटात जाईल का? पोहे, फुटाणे, गूळ, शेंगदाणे, सातूचं पीठ या कसोटीला उतरतात. पोहे नुसते भिजवले की झाले, सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की लहान मूलही खातं. माणशी दिवसाला 2,100 कॅलरी धरल्या तर चौघांना तीन दिवसांसाठी 25,200 लागतात. 3 किलो पोहे, 2 किलो फुटाणे, 1 किलो गूळ आणि 1 किलो शेंगदाणे मिळून साधारण 27,000 भरतात. म्हणजे अवघं सात किलो सामान! पाणी मात्र जड पडतं. पिण्यापुरतं माणशी रोजचं 3 लिटर धरलं तरी 36 लिटर, पोहे भिजवायचं वेगळं.

हा शिधा वर्षभर तसाच ठेवून चालत नाही. शेंगदाणे खवट होतात, पोह्यांना वास येतो. दोन-तीन महिन्यांनी तो रोजच्या नाश्त्यात संपवावा आणि नवा भरावा. भाड्याच्या एका खोलीत पोतंभर गहू ठेवायला जागा नसते, पण एवढा डबा मावतो. पैसे थोडे असतील तर मी आधी हाच भरायला सांगेन.

डबा ठेवायचा कुठे, हेही ठरवून टाकावं. जुलै 2021 मध्ये चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं बुडालं. पुराचं पाणी लागलेलं धान्य वाळवूनही खाऊ नये, त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, बुरशीही धरते. जड कोठी ऐन वेळी हलत नाही. शिधा घट्ट झाकणाच्या डब्यात, माळ्यावर, पण एकट्या माणसाला उचलून बाहेर पडता येईल असा ठेवा. औषधं आणि तान्ह्या बाळाची दूध पावडर त्याच्याच शेजारी.