लॉक-इन वेगळा, नोटीस वेगळी

घणसोलीत आम्ही भाड्याने राहत होतो. खारघरला रिसेलचा फ्लॅट ठरला तेव्हा पहिला प्रश्न आला, घरमालकांना कधी सांगायचं? एजंट म्हणाला, "एक महिन्याची नोटीस आहे, काही टेन्शन नाही." घरी येऊन करारनामा काढला तर त्यात दोन कलमं होती. नोटीस एक महिना, आणि त्याच्या वरच लॉक-इन सहा महिने. वरच्या कलमाबद्दल तो काही बोललाच नव्हता.

लॉक-इन म्हणजे करार सुरू झाल्यापासूनचा तो काळ, ज्यात घर सोडणार नाही असं तुम्ही सही करून मान्य केलेलं असतं. मध्येच सोडलं तर बहुतेक करारांत उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायला लागतं. नोटीस म्हणजे फक्त आगाऊ सूचना. नोटीस दिली म्हणून लॉक-इन संपत नाही.

समजा, करार १ जूनपासून ११ महिन्यांचा आहे, भाडं २५,००० आणि लॉक-इन ३० नोव्हेंबरपर्यंत. ऑगस्टअखेर रीतसर नोटीस देऊन सप्टेंबरअखेर चावी परत केली, तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ५०,००० घरमालक मागू शकतात, आणि डिपॉझिट त्यांच्याच हातात असतं. आता नोव्हेंबरच्या सुरुवातीला नोटीस देऊन ३० तारखेला निघता येईल का? इथे करारातला एक शब्द बघा. 'लॉक-इन संपल्यानंतर नोटीस देऊन' असं लिहिलं असेल तर घरमालक म्हणू शकतात की नोटीसच १ डिसेंबरपासून धरायची. 'नंतर' या एका शब्दापायी आणखी एक महिन्याचं भाडं जातं. आधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

लॉक-इन वाईटच असतो असं नाही. तो दोघांना बांधणारा असेल तर त्या काळात भाडं वेळेवर देणाऱ्याला घरमालकही मध्येच निघा म्हणू शकत नाहीत.

घर घेणारे खरे अडकतात ते नूतनीकरणाला. ११ महिने संपतात, घर शोधणं चालूच असतं, एजंट जुनाच मसुदा तारखा बदलून आणतो आणि आपण अंगठा लावतो. करार नवा म्हणजे लॉक-इनही पुन्हा पहिल्या दिवसापासून! त्याच वेळी सांगा की आम्ही घर बघतोय, हे कलम काढा किंवा दोन महिन्यांवर आणा. सही झाल्यावर हे बोलण्यात अर्थ नाही.

नोटीस कुठल्या तारखेला द्यायची, इथे आमची चूक झाली. रजिस्ट्रेशन झालं त्याच संध्याकाळी आम्ही नोटीस दिली. पण रजिस्ट्रेशन म्हणजे चावी नव्हे. बँक कर्जाची रक्कम सोडणार, विकणाऱ्याचं जुनं कर्ज फिटणार, त्याचे मूळ कागद त्याच्या बँकेतून सुटणार, सोसायटीची एनओसी येणार. नवी मुंबईत जमीन भाडेपट्ट्याची असेल तर सिडकोची हस्तांतरणाची परवानगीही लागते. आमची चावी पाच आठवडे लांबली. तोवर घरमालकांनी दुसऱ्या भाडेकरूकडून टोकन घेतलं होतं. सामान ऐरोलीला नणंदेकडे ठेवलं आणि मुलांची शाळा तिथून केली. नव्या इमारतीत घर घेत असाल तर ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याची परवानगी) हातात येईपर्यंत बिल्डरच्या तोंडी तारखेवर नोटीस देऊ नका.

मुदत संपल्यावर तसंच राहू, हाही मार्ग धोक्याचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार लायसन्सची (म्हणजे अशा ११ महिन्यांच्या भाडेकराराची) मुदत संपूनही घर सोडलं नाही तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. महिनाभर वाढवून हवा असेल तर मुदत संपण्याआधी बोला आणि तेही लेखी ठेवा.

नोटीस फोनवर किंवा जिन्यात भेटल्यावर देऊ नका. करारात दिलेल्या पत्त्यावर पत्र द्या, ईमेलही करा. त्यात घर सोडायची तारीख आणि डिपॉझिट कधी मिळणार हे दोन्ही लिहा, आणि प्रतीवर सही घ्या. घराचं बजेट मांडताना एक महिन्याचं भाडं आणि पहिला हप्ता एकत्र येईल असंच धरा. आम्ही ते धरलं असतं तर चावी हातात आल्यावरच नोटीस दिली असती.